हृदयाच्या कृत्रिम झडपेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कुठल्या प्रकारात जास्त?

धातूच्या, म्हणजे मेकॅनिकल झडपेत. तिच्या बिजागरीपाशी रक्त रेंगाळतं आणि तिथेच गुठळी धरते. त्यातही मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धोका महाधमनीच्या जागेपेक्षा जास्त, कारण तिथे प्रवाह संथ. म्हणून वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध जन्मभर. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं मोजमाप) साधारणपणे महाधमनीला २.५ च्या, मायट्रलला ३ च्या आसपास ठेवतात. नवी रक्त पातळ करणारी औषधं इथे चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची चाचणी तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली.

गाय-डुकराच्या ऊतीच्या झडपेत धोका मुख्यतः पहिले ३ ते ६ महिने. पुढे बहुतेकांना ॲस्पिरिन पुरतं, पण ठोके अनियमित असतील तर नाही. ही झडप झिजते मात्र, बहुधा १०-१५ वर्षांत. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, अगदी दात काढायचा असला तरी. आधी डॉक्टरांना विचारा.