भुईमुगाला तणनाशकाचा शॉक बसलाय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, भुईमूग २२ दिवसांचा आहे. चार दिवसांपूर्वी इमाझेथापायर हे तणनाशक मारलं, गवतही होतं म्हणून त्यातच क्विझालोफॉप हे गवतावरचं तणनाशक टाकलं, अळी दिसत होती म्हणून कीटकनाशक, वरून स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) आणि टॉनिक पण. दुपारी १२ च्या सुमारास फवारलं. आता पानांवर तपकिरी ठिपके आलेत, शेंडा पिवळा पडलाय, वाढ थांबल्यासारखी वाटते. शेजारचे म्हणतात पीक मोडून टाक. काय करू?

उत्तर: दादा, मोडू नका, आणि घाबरून दुसरी फवारणीही करू नका. आधी वेगवेगळ्या जागची पाचसहा रोपं उपटून नीट बघा, कारण तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत.

तपकिरी ठिपके कुठे आहेत ते बघा. फवारणीच्या दिवशी जी पानं उघडी होती फक्त त्यांच्यावर असतील आणि त्यानंतर फुटलेलं पान स्वच्छ असेल, तर ती नुसती भाजणी आहे. पाच औषधं एकत्र, त्यात तेलकट भाग, त्यात स्टिकर, वर भर दुपारचं ऊन, म्हणजे पानावरचं पाणी उडून गेलं आणि औषध घट्ट होऊन तिथंच बसलं. ते ठिपके पुढे पसरत नाहीत, पण भाजलेलं पान परत हिरवंही होत नाही, त्यामुळे जुन्या पानाकडे बघत बसू नका, नवीन पान काय सांगतंय ते बघा.

शेंडा पिवळा होण्याचं कारण इमाझेथापायर. हे औषध पान आणि मूळ दोन्हीकडून आत जातं आणि वाढीच्या टोकाला पोचतं, तिथं रोपाला लागणारी ३ अमिनो आम्लं बनवणारं एन्झाइम बंद पाडतं. तणं त्यातच मरतात. भुईमूग मात्र हे औषध मोडून पचवतो म्हणून तगतो, पण पचवायला रोप धडधाकट लागतं! थंडी असेल, रानात पाणी साचलं असेल, मुळं गुदमरली असतील तर पचवायचा वेग कमी होतो आणि तोच डोस जड जातो. ऑर्गनोफॉस्फेट गटातली काही कीटकनाशकं तर पिकाची ही औषध पचवायची यंत्रणाच अडवतात, म्हणून तणनाशकात कीटकनाशक मिसळायला माझा स्पष्ट विरोध आहे, फवारणीची एक मजुरी वाचते पण पिकाला ती महाग पडते.

अजून एक खात्री करा. फवारा न पोचलेला एखादा कोपरा असेलच, तिथंही नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता आहे, चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी होतं, त्याचा दोष तणनाशकाला देऊ नका.

आता करायचं काय, तर पाणी साचलं असेल तर काढून द्या, जमीन सुकली असेल तर हलकं पाणी द्या, आणि ८-१० दिवस थांबा. टॉनिकवर टॉनिक मारू नका, आधीच भाजलेल्या पानावर परत क्षार कशाला? शेंड्यातून स्वच्छ पान निघालं की समजा रोप सावरलं. तुमचं पीक अजून फुलावर यायचंय, आऱ्या (फुलानंतर जमिनीत जाऊन शेंग धरणारे दांडे) जमिनीत घुसायला साधारण ४०-४५ दिवस होतात, म्हणजे हातात वेळ आहे. हाच शॉक आऱ्या सुटताना बसला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. उरलेलं तण खुरपून काढा.

पुढच्या वेळी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, जमिनीत ओल असताना आणि तण २ ते ४ पानांवर असतानाच मारा. तण मोठं झालं की माणूस डोस वाढवतो आणि तो वाढीव डोस पिकालाही बसतोच. बाटलीत मिसळून बघितलं, औषध फाटलं नाही, म्हणजे पिकाला चालेल असं होत नाही, फाटणं वेगळं आणि पिकाला झेपणं वेगळं.

प्रश्न: पेरणीनंतर दुसऱ्या दिवशी पेंडिमेथालिन हे तणनाशक मारलं आणि रात्री जोराचा पाऊस झाला. जमीन हलकी आहे. उगवण विरळ झाली, रोपं जाड आणि बुटकी दिसतात. कंपनीचं औषध खराब होतं का?

उत्तर: ताई, एक रोप मुळासकट काढून पाण्यात हलक्या हाताने धुवा. जमिनीलगत खोड सुजलेलं, बोटाने दाबलं तर कट्कन मोडणारं, आणि मुळं आखूड, जाड, बाजूची बारीक मुळं जवळपास नाहीतच, असं दिसलं तर हा पेंडिमेथालिनचाच परिणाम. औषध खराब नव्हतं, ते जिथं जायला नको तिथं गेलं. पेंडिमेथालिन पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीला चिकटून वरच्या थरात राहतं आणि त्याच्यावरच सगळा खेळ आहे, तणाचं बी वरच्या थरात उगवतं आणि आपला दाणा खाली सुरक्षित असतो. पण हलक्या जमिनीत चिकटायला चिकणमाती आणि सेंद्रिय भाग कमी, त्यात दाणा वर पडलेला किंवा मातीने नीट न झाकलेला असेल तर दोघांची गाठ पडते.

म्हणून दाणा ५ सेंटिमीटर खोल जाऊ द्या, तास (पेरणीची ओळ) नीट बुजवा, हलक्या जमिनीत लेबलवरचा कमी डोस धरा आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी करूच नका. ऑक्सिफ्लोरफेन, फ्लुमिऑक्साझिन या तणनाशकांच्या गटात तर आणखी जपावं लागतं, जमीन तडकून कोंब वर येताना मारलं किंवा तेव्हाच पाऊस पडून औषधाची माती कोवळ्या पानांवर उडाली की पानं करपतात.

आणि पंप मोजा. १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा आखा, नेहमीच्या चालीने साधं पाणी फवारा, किती लागलं ते बघा. ५ लिटर लागलं तर हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी साधारण २००. औषध त्या हिशोबाने टाका. तासाच्या टोकाला वळताना नोझल बंद करा, तिथं दुप्पट डोस पडतो आणि जळालेले पट्टे बहुतेक तिथंच दिसतात.

प्रश्न: भुईमुगाची पानं वाकडी, देठ पिळल्यासारखे झालेत. पंपाने आधी दुसऱ्या पिकात २,४-डी हे तणनाशक मारलं होतं, पण पंप धुतला होता.

उत्तर: एकदा विसळला की धुतला असं २,४-डीच्या बाबतीत होत नाही. ते नळीच्या आतल्या रबराला, गाळणीला, वॉशरला धरून राहतं. माझ्याच रानात एकदा पहिली दोन तासं अशी पिळून गेली होती, बाकी शेत चांगलं, कारण नळीत उरलेलं औषध तिथंच संपलं. पंप ३ वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, मग अमोनिया घातलेलं पाणी नळी-नोझलसकट भरून रात्रभर ठेवा, नोझल आणि गाळणी काढून वेगळी धुवा, परत साध्या पाण्याने काढा. जमत असेल तर २,४-डीचा पंप कायमचा वेगळाच ठेवा, मला तरी हाच उपाय खात्रीचा वाटतो.

नावाचा घोळही करू नका. २,४-डीबी नावाचं औषध काही ठिकाणी भुईमुगात चालतं, कारण ते स्वतः निरुपद्रवी असतं, तण त्याचं २,४-डी करून घेतं आणि मरतं, भुईमुगात मात्र हा बदल फार हळू होतो. एका अक्षराचा फरक आहे, लेबल वाचूनच डबा उघडा.

प्रश्न: इमाझेथापायर मारलेल्या रानात पुढे मोहरी घ्यायचीय, चालेल का?

उत्तर: मोहरी याला फार नाजूक आहे. मातीतले जिवाणू हे औषध मोडतात, त्यामुळे कोरड्या रानात ते जास्त दिवस राहतं. लेबलवरचं अंतर पाळाच, शिवाय फवारलेल्या आणि न फवारलेल्या रानातली माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून दोन्हीत मोहरी टाका. २-३ आठवड्यांत फरक दिसला तर यंदा तिथं दुसरं काहीतरी घ्या.