सगळी सुस्ती गोळीची नसते

कळव्याच्या ताई, आईला आधीपासून मधुमेह, तीन आठवड्यांपूर्वी ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची गोळी सुरू झाली आणि आता ती सारखी पाणी मागते, रात्री पाच-पाच वेळा उठते, दिवसभर पेंगते. गोळी बंद करू का, असं विचारलंय तुम्ही. मनाने बंद करू नका. पण साखर आत्ता तपासा, उपाशीपोटीची वाट बघत बसू नका.

आमच्या वर्तकनगरच्या घरी हेच झालं. धाकट्या भावाला साखर नव्हती, बाबांना होती. या गोळीने त्याला कानात ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले, झोप लागली. चार महिन्यांत अकरा किलो वजन वाढलं. आई म्हणायची, अंगाला लागतंय. मे महिन्यात तो नळाला तोंड लावून पाणी प्यायला लागला. आम्हाला वाटलं, आजारच उलटला. मग उलट्या. बाबांच्या ग्लुकोमीटरवर आकडाच नाही, नुसती 'एच आय' अक्षरं. मशीन बिघडलं समजून मी दुसरी पट्टी घातली! बऱ्याच मशीनवर ६०० च्या पुढे तसंच दिसतं. कॅज्युअल्टीतही 'मानसिक पेशंट' ऐकल्यावर आधी उलटीचं इंजेक्शनच दिलं. लघवीत कीटोन, म्हणजे साखर हाताबाहेर गेल्याची धोक्याची खूण, निघाले, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

वजन वाढलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, त्याशिवायही साखर भडकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००३ मध्येच या गटातल्या औषधांवर तसा इशारा छापायला लावला. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांत सर्वांत पुढे. अरिपिप्राझोलचा त्रास त्यामानाने कमी. गोळी बदलायची की मधुमेहाचा डोस वाढवायचा, हे मानसोपचारतज्ज्ञ आणि साखरेचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. आमच्याकडे दोघांची फाइल वेगळी होती, तिथेच घोळ झाला. गोळी सुरू करण्याआधी तपासायचं: वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी. तीन महिन्यांनी साखर, बीपी, लिपिड पुन्हा. वजन मात्र पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी. आईचं आधीचं काही केलं नसेल तर आता करून घ्या.

अजून एक. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, भ्रम असं एकत्र दिसलं तर तो वेगळाच, जिवावरचा प्रकार. तेव्हा पुढची गोळी न देता थेट हॉस्पिटल.

आईची साखर ३०० च्या वर असेल तर आजच डॉक्टरांना फोन. उलट्या, पोटदुखी, धाप असेल किंवा हाक मारूनही ती नीट जागी होत नसेल, तर आकडा काहीही असो, निघा. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि दारातच सांगा: मधुमेह आहे, ओलान्झापिन चालू आहे. याच क्रमाने.