ग्रंथालयाचा निरोप घरापर्यंत

प्रश्न : चोपडा तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. पुस्तक परत करण्याची आठवण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवते, पण बऱ्याच पालकांना ती मिळतच नाही. ग्रुप करावा का?

उत्तर : ताई, ब्रॉडकास्टचा निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो. बाकीच्यांना गेला नाही, हे तुम्हाला कुणी कळवत नाही. ग्रंथालयासाठी वेगळं सिम घ्या. पालकसभेत नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा आणि त्यावर मुलाचं नाव व तुकडी पाठवायला सांगा. ज्यांचा मेसेज आला त्यांच्या नावापुढे खूण करा. एका यादीत 256 जणच बसतात, तेव्हा याद्या इयत्तावार ठेवा.

ग्रुप करू नका. त्यात प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि कुणाच्या पोराने पुस्तक थकवलं ते गावभर होतं. नवी पुस्तकं, वाचन प्रेरणा दिन अशा सार्वजनिक सूचनांसाठी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा सूचना-ग्रुप चालेल. तिथे फक्त ॲडमिन लिहितो आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. थकलेल्या पुस्तकाची आठवण मात्र ज्याची त्याला, एकट्यालाच.

वेळही सांभाळा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो. सकाळी 11 ला पाठवलेली आठवण रात्रीपर्यंत इतर मेसेजखाली गाडली जाते. मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 7 नंतर पाठवा, दप्तर भरण्याआधी. मजकूर असा : ‘सातवी ब, रोहन : ग्रंथालयाचे पुस्तक उद्या बुधवारी आणावे. वाचून झाले नसेल तर आठवडा वाढवून मिळेल.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. दंडाच्या धास्तीने पोरं पुस्तक लपवतात, मग पुस्तकही जातं आणि वाचकही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना अहिराणीत 20 सेकंदांचा आवाजी निरोप द्या. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नेट टिकत नसेल तर साधा एसएमएस बरा. देवनागरी एसएमएस 70 अक्षरांचा असतो आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. मजकूर त्यापुढे गेला की एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे लागतात, म्हणून एसएमएसमध्ये फक्त नाव, वार आणि ‘पुस्तक आणावे’ एवढंच.

प्रश्न : देवघेव गूगल शीटवर ठेवतो. मुदत संपलेल्यांची यादी काढली की भलतीच नावं येतात. (शिरपूर)

उत्तर : शीट अमेरिकी पद्धतीवर असणार. तुम्ही 05/07 लिहिलं की ती 7 मे समजते. 13/07 ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर होऊन बसते. ओळखायची खूण : खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. फाइल, मग सेटिंग्ज, तिथे लोकेल ‘इंडिया’ करा. आधी चुकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत. त्या देवघेव नोंदवहीशी ताडून पुन्हा टाका. आणि नोंद दाखल क्रमांकाने (प्रत्येक प्रतीला ग्रंथालयाने दिलेला वेगळा नंबर) करा, पुस्तकाच्या नावाने नको, कारण एकाच पुस्तकाच्या 5 प्रती असल्या की कुठली प्रत कुणाकडे ते कळत नाही.

प्रश्न : पालक कथा-कादंबऱ्यांच्या पीडीएफ मागतात. पाठवू का? (अमळनेर)

उत्तर : हयात लेखकाच्या, परवानगीशिवाय, मुळीच नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. तुमच्याच गावच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचं निधन 1950 सालचं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून खुलं आहे. पण आजच्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना आणि चित्रं वेगळ्या माणसांची असतात. ती आवृत्ती स्कॅन करू नका, जुनी प्रत शोधा. माहितीपर वाचनासाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदींची लिंक द्या. पीडीएफपेक्षा हलकी, आणि पालकांचा डेटाही वाचतो.