२०२० सालच्या 'ड्रॅक्युला' मालिकेवर प्रेक्षक एवढे का चिडले होते? कादंबरी वाचलेल्या माणसाने ती बघावी का?

आधीच सांगतो, पुढे शेवटासकट सगळं फोडलंय. तीनच भाग आहेत, प्रत्येकी दीड तासाचे. बघायचे असतील तर बघून या, उत्तर कुठे पळून जात नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, बघा, निदान पहिले दोन भाग तरी. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल, कारण 'पुस्तकाची वाट लावली म्हणून लोक चिडले' हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मला पटत नाही. पुस्तकाची वाट पहिल्याच भागात लावली होती. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या.

मालिका बीबीसीवर १, २ आणि ३ जानेवारी २०२० अशी सलग तीन रात्री लागली आणि ४ तारखेला, शनिवारी, आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आली. लिहिणारे मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मॉफट, म्हणजे 'शेरलॉक'वाली जोडी. माझी मामेबहीण लीड्सला असते. पहिल्या रात्री तिचा मेसेज: 'अरे ती नन बघ, नन!!' दुसऱ्या रात्री: 'जहाज भारी.' तिसऱ्या रात्रीनंतर एकच ओळ, तीही उद्गारचिन्हाशिवाय: 'बघ आणि फोन कर.' प्रेक्षकांचा एकूण सूर मला या तीन मेसेजमध्येच कळला होता. पुढे नेटवर जे वाचलं ते याच सुरात, फक्त शिव्या जास्त.

शनिवारी संध्याकाळी मी लावली. आई समोर परातीत मटार सोलत बसली होती. तिला भुताखेतांत रस नाही. टीव्ही चालू होता म्हणून बघत होती. सुरुवातीला जोनाथन हार्कर, म्हणजे ड्रॅक्युलाच्या गढीवर जाऊन आलेला तरुण इंग्रज वकील, हंगेरीतल्या एका मठात बसलेला दिसतो. टक्कल, अंगावर फोड, आवाज घोगरा. समोर सिस्टर अगाथा त्याची जबानी घेतेय. तेवढ्यात एक माशी त्याच्या डोळ्यावर बसते, थेट बुबुळावर. चालते, आणि कोपऱ्यातून आत शिरते. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी तशीच राहिली.

"पापणी का नाही मिटत रे तो?"

मी काही बोललो नाही. उत्तर भागात पुढे मिळतं: माणूस मेलेला आहे, त्याला स्वतःलाच ते कळलेलं नाही. मालिका बघताना घरच्यांनी असा प्रश्न विचारावा आणि तो दिग्दर्शकाने आधीच धरून ठेवलेला असावा, याहून मोठी दाद कोणती? आईने त्या रात्री मटार अर्धेच सोलले.

आता ही सिस्टर अगाथा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ती आहे, पण किती? बुडापेस्टच्या हॉस्पिटलातून मीनाला एक पत्र लिहिते, तुमचा होणारा नवरा आमच्याकडे आजारी आहे म्हणून कळवते. पुढे मीनाच्या पत्रात तिचा उल्लेख येतो आणि विषय संपला. मालिकेने त्या पत्रवाल्या बाईला उचललं आणि चक्क व्हॅन हेल्सिंग, म्हणजे ड्रॅक्युलाच्या मागे लागणारा त्याचा मुख्य शत्रू, करून टाकलं. मूळ व्हॅन हेल्सिंग आम्सटरडॅमचा प्रोफेसर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत पानंच्या पानं बोलणारा. (त्यातली काही पानं मी उडवली आहेत, खोटं कशाला बोलू.) म्हणजे कथेच्या नायकाचं लिंग बदललं, पेशा बदलला, स्वभाव बदलला. पुस्तकनिष्ठ वाचकांनी दगड घेऊन यायला हवं होतं. पण डॉली वेल्सने ती भूमिका अशी काही केली आहे की लोक पुस्तक विसरले. मठाच्या दारात लांडग्याचं कातडं फाडून रक्ताने माखलेला, नागवा ड्रॅक्युला उभा राहतो, आमंत्रणाशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही, आणि ही बाई दाराच्या आतून त्याला खिजवते. आमच्या घरात तेव्हा शिट्टी वाजली होती. कुकरची, पण वेळ अचूक साधली.

दुसऱ्या भागाचंही तसंच. कादंबरीत ड्रॅक्युलाला इंग्लंडला आणणाऱ्या डेमेटर जहाजाचा प्रवास म्हणजे कप्तानाच्या रोजनिशीची मोजकी पानं: एकेक खलाशी नाहीसा होतो आणि शेवटी जहाज व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतं तेव्हा सुकाणूला हात बांधलेलं कप्तानाचं प्रेत. ती पानं माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक. मालिकेने त्या पानांचा दीड तास केला, उतारू घातले, खुनांचा तपास घातला. त्यात एक डॉक्टर शर्माही आहेत, यामिनी नावाच्या मुलीसकट. शर्मा म्हटल्यावर आई सरसावून बसली, जणू आपल्या बिल्डिंगमधले कोणी प्रवासाला निघालेत. एका उतारूचं नाव लॉर्ड रुथव्हेन आहे. हे नाव पॉलिडोरीच्या १८१९च्या व्हॅम्पायर कथेतलं, स्टोकरच्या कितीतरी आधीचं. ज्यांना कळलं ते खूश, ज्यांना नाही त्यांचं काही अडलं नाही. इथेही पुस्तक बाजूलाच राहिलं आणि इथेही तक्रार नाही.

मग तिसरा भाग. दुसऱ्याच्या अगदी शेवटी ड्रॅक्युला समुद्रातून चालत व्हिटबीच्या वाळूवर येतो आणि डोक्यावर हेलिकॉप्टर, डोळ्यांवर झोत. मध्ये १२३ वर्षं गेलीत. आजचा काळ, मोबाइल, वकील, मानवी हक्क. लोकांचा पारा चढला तो इथून. 'ड्रॅक्युलाच्या हातात टॅब्लेट? काचेच्या कोठडीतून वकिलाला कॉल?' असं बरंच.

या तक्रारीपुरता मी मालिकेच्या बाजूने आहे. स्टोकरची कादंबरी तिच्या काळात अगदी अद्ययावत होती. डॉक्टर सेवर्ड डायरी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. हार्करकडे कोडॅक कॅमेरा आहे. तारा सुटतात, शॉर्टहँड आहे, टाइपरायटर आहे. मीनाची मैत्रीण लूसी, तिला चार जणांचं रक्त चढवतात, तेही रक्तगटांचा शोध लागण्याच्या आधी. लँडस्टायनरने तो लावला १९०१ साली. (बिचारी ड्रॅक्युलाने गेली की डॉक्टरांनी, हा वाद आमच्यात जुना आहे.) तेव्हाच्या वाचकाला जुन्या गढीतला भयंकर म्हातारा आपल्या चकचकीत, तार-रेल्वेच्या लंडनमध्ये आलेला बघून काटा आला असणार. त्याला आजच्या इंग्लंडमध्ये आणणं ही बेइमानी नाही. तो एका साध्या घरात शिरतो, फ्रिज, टीव्ही, दारातली गाडी बघतो आणि म्हणतो की मी शतकानुशतकं सरदार म्हणून जगलो पण असं वैभव पाहिलं नाही. तो प्रसंग मला तिन्ही भागांतला सगळ्यात शहाणा प्रसंग वाटतो.

उन्हाचंही तेच. शेवटी झोई व्हॅन हेल्सिंग, अगाथाच्या घराण्यातली आजची डॉक्टर, पडदा ओढते, ऊन त्याच्या अंगावर पडतं आणि काही होत नाही. केवढा गदारोळ झाला यावर! 'उन्हात व्हॅम्पायर जळतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.' पण शेंबड्या पोराला ते सिनेमाने शिकवलं, १९२२च्या 'नोस्फेराटू'ने. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये पिकॅडिलीला भरदिवसा उभा असतो, हार्कर त्याला बघतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, जळत नाही. त्यामुळे नियम मोडला म्हणून मालिकेला शिव्या घालणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट पकडली जी पुस्तकाच्या जास्त जवळ होती.

मग भाग फसला का? फसला, पण कुठे ते आईने एका वाक्यात सांगितलं. मालिकेचा खुलासा असा: ऊन, क्रूस, आमंत्रण यांतलं काहीच त्याला खरं बांधत नाही. तो लढवय्यांच्या घराण्यातला, आणि मरायला घाबरतो याची त्याला लाज आहे. बाकी सगळ्या जडलेल्या सवयी. कागदावर कल्पना सुंदर आहे. आई चष्मा पुसत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं उगाचच सावलीतून चालत होता होय?"

आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात ड्रॅक्युला गेला. त्याच्या मरणाचा सीन पुढे चालू होता, पण आम्हाला त्याची कीव यायला लागली होती.

कादंबरीत सगळे जण लिहीत असतात, डायऱ्या, पत्रं, तारा. फक्त ड्रॅक्युलाची डायरी नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो बोलतोही क्वचितच. कुठे खिडकीशी आकृती, कुठे धुकं, कुठे कुत्रा. मालिकेत ड्रॅक्युला झालेला क्लेस बँग अखंड बोलतो. बोलतो फार छान, दिसतोही रुबाबदार, आणि दोन भाग ते चालतं कारण समोर अगाथा आहे, टोल्याला टोला देणारी. तिसऱ्या भागात ती जवळजवळ शेवटापर्यंत नाही. झोई आहे, तीच नटी, पण आजारी, त्रासलेली. एकटा बडबडणारा ड्रॅक्युला उरतो, आणि एकटा बडबडणारा माणूस कितीही देखणा असला तरी लग्नातल्या त्या एका काकांसारखा वाटायला लागतो.

मामेबहिणीला फोन केला तेव्हा आमचं इथे बिनसलं. तिच्या मते तिसऱ्या भागातली लूसी ही मालिकेतली सर्वोत्तम गोष्ट. ही लूसी मरणाला घाबरत नाही म्हणून ड्रॅक्युला तिच्यावर लुब्ध होतो. तिचं दहन होतं, ती त्यातून परत येते, स्वतःला अजून तशीच सुंदर समजून चालते-बोलते आणि सेल्फी घेते तेव्हा पडद्यावर जळालेला चेहरा दिसतो. बहीण म्हणाली, एवढं भयानक मी कुठल्याच गढीत पाहिलं नाही. मी म्हटलं, पण दीड तासात तिला पंधरा मिनिटंसुद्धा धड दिली नाहीत. आमच्याशिवाय आणखी एक मोठा गट होता: 'शेरलॉक'च्या २०१७च्या शेवटच्या भागांवर रुसलेला. त्यांना हा जुना हिशेब चुकता करायला निमित्तच मिळालं.

माझी स्वतःची तक्रार कुणी फारशी केलेली दिसली नाही: मीना. पुस्तकात ती सगळ्यांचे कागद गोळा करून टाइप करते, तारखा लावते, रेल्वेचं वेळापत्रक तिला तोंडपाठ असतं (आपल्या लोकलवाल्यांसारखं), आणि त्यातूनच ड्रॅक्युलाचा माग लागतो. तीच नसती तर ते पुरुष बंदुका घेऊन नुसते धावत राहिले असते. मालिकेत ती पहिल्या भागात रडते आणि निघून जाते. अगाथा मिळाली त्याची किंमत मीनाने मोजली, आणि ती मला महाग वाटते.

मूळ कथेशी इमान हा मुद्दा आपल्याकडे तरी कुणी इतका ताणत नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगची व्हॅम्पायरची कादंबरी 'लुचाई' म्हणून मराठीत आणली. ती वाचून कुणी मुळाशी ताडून बघितली नाही. रात्री खिडकीची कडी लावली का ते बघितलं.

तुम्हाला पुस्तकच पडद्यावर हवं असेल तर बीबीसीचीच १९७७ची 'काउंट ड्रॅक्युला' शोधा, लुई जुर्दांची. २२ डिसेंबरला लागली होती, अडीच तासांची आहे, चित्रण जुनाट वाटेल, पण तो कड्यासारख्या भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो ते बघाच. सगळ्यात प्रामाणिक म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यातही मीना आणि लूसीला सख्ख्या बहिणी केलंय आणि लूसीच्या दोन उमेदवारांचा मिळून एकच माणूस केलाय. त्याबद्दल कुणी चिडलेलं माझ्या कानावर नाही.

२०२०वाली बघताना दुसरा भाग संपतो तिथे, वाळूवर, हेलिकॉप्टरच्या झोतात थांबा. एक दिवस जाऊ द्या. मग तिसरा लावा, मटार सोलता सोलता.