घरगुती भूमिका-खेळातील पेशांना मराठी नावे कशी द्यावीत?

आपण विचारले आहे की, स्वतः रचलेल्या कल्पनारम्य भूमिका-खेळात, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन बोलतो-वागतो अशा खेळात, पात्रांच्या 'क्लास'ची (पात्र कोणते काम करते त्या प्रकाराची) फायटर, विझार्ड, रोग (rogue, म्हणजे लबाड) ही इंग्रजी नावे तशीच ठेवावीत की त्यांचे भाषांतर करावे. नाशिकला पंचवटीतील आमच्या घरी दर रविवारी पाच जणांचा असा खेळ रंगतो आणि त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की, भाषांतर करण्याऐवजी मराठीत आधीपासून असलेला पेशा शोधावा. 'क्लास'ला आम्ही प्रथम 'वर्ग' म्हणत होतो, परंतु "तुझा वर्ग कोणता?" या प्रश्नाला "सातवी ब" हे उत्तर इतक्यांदा मिळाले की शेवटी 'पेशा' हाच शब्द धरला.

नावातूनच नियम निघत असेल तर फार सोय होते. 'योद्धा' या शब्दातून काहीच निघत नाही. मराठ्यांच्या घोडदळात मात्र शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला ती सरकारातून मिळत. एवढ्या फरकावर आमचे दोन पेशे उभे राहिले: शिलेदार मोहीम मध्येच सोडू शकतो, पण घोडा मेला तर नुकसान त्याचे, बारगिराला पागेतून दुसरा घोडा मिळतो, मात्र त्याला मोहीम सोडता येत नाही.

जुना शब्द आजच्या कानाला कसा लागतो, हेही तपासावे. १६८२ साली मोगलांनी रामशेज किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावर आम्ही एक मोहीम बेतली होती आणि तिच्यात तोफ डागणाऱ्यासाठी इतिहासातील नेमका शब्द घेतला, 'गोलंदाज'. पहिल्याच खेळीत एकाने "वेगवान की फिरकी?" असे विचारले आणि वेढा तिथेच उठला. आता तो 'तोफची' आहे. गुप्त बातम्या काढणाऱ्याला 'बातमीदार' न म्हणता 'हेर' म्हटले, तेही याच कारणाने.

'चोर' हे नाव मी टाळतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच भूमिका-खेळात १९७४ साली लढवय्या, जादूगार आणि धर्मसेवक असे तीनच पेशे होते. चोर १९७५ च्या पुरवणीत आला आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा 'रोग' झाला. बदल मला पटतो, कारण चोर म्हटले की खेळाडू सोबत्यांच्याच थैल्या कापू लागतो. (देवनागरीत 'रोग' लिहिले की पात्राला औषध द्यावेसे वाटते, ही गोष्ट निराळी.)

गाण्याने बळ देणाऱ्या पात्राला 'गोंधळी' किंवा 'वासुदेव' म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती आज नांदत असलेल्या समाजांची नावे आहेत, तेव्हा 'शाहीर' बरा.

नाव पक्के करण्यापूर्वी ते घाईत हाक मारून पाहावे. "मंत्रविद्याविशारदा, मागे हो!" असे म्हणेपर्यंत राक्षसाचा वार पडलेला असतो, "मांत्रिका, मागे!" एवढ्यावर आमचा मांत्रिक दोनदा वाचला आहे.