‘क्रिब करणे’ पाळण्यातून नव्हे, गव्हाणीतून

प्रश्न असा: ‘सारखं क्रिब करू नकोस’ यातला क्रिब, बाळाचा क्रिब आणि पत्त्यांतला क्रिब एकच का?

शब्द एकच. पण ‘बाळ क्रिबमध्ये रडतं, म्हणून क्रिब करणे म्हणजे कुरकुरणे’ ही व्युत्पत्ती कृपा करून पसरवू नका. कुरकुरण्याचा अर्थ ब्रिटिश बोलीतला, आणि ब्रिटिश माणूस बाळाच्या त्या पलंगाला कॉट म्हणतो (कॉट म्हणजे आपली खाटच!). त्याला क्रिब म्हणतात अमेरिकेत.

क्रिबचा मूळ अर्थ गव्हाण. तबेल्यात दिवसचे दिवस बांधून ठेवलेला, चंदी भरपूर पण वैरण कमी मिळालेला घोडा एक खोड लावून घेतो. वरच्या पुढच्या दातांनी गव्हाणीची कड धरतो, मान ताठ कमानीसारखी करतो आणि हवा घशात ओढत कण्हल्यासारखा आवाज काढतो. पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. दात झिजतात, लाकूड कुरतडलं जातं. गळ्याला पट्टा आवळला तर खोड दबते, पण सुटत नाही. गवत वाढवून मोकळं चरायला सोडलं तर ती कमी होऊ शकते. या खोडीचं नाव क्रिब-बायटिंग. 19व्या शतकातल्या इंग्रजी बोलभाषेच्या कोशात ‘क्रिब-बायटर’ म्हणजे सदा कुरकुरणारा माणूस, असं सरळ नोंदवलेलं आहे. तरी कोशकार ‘क्रिब करणे’पाशी आले की ‘बहुधा’ लिहून अंग काढून घेतात. जागचं न हलता कण्हत राहणारा तो घोडा एकदा पाहिला, तर तो ‘बहुधा’ त्यांचा तेच खोडतील.

नाताळात गोव्यात आणि वसईत सजवतात तो क्रिबही गव्हाणच. मराठी बायबलात बाळ येशूला गव्हाणीतच ठेवलंय. फ्रेंच ‘क्रेश’ याच घराण्यातला, म्हणजे आपलं पाळणाघरही मुळात गव्हाण! ‘क्रिब’ म्हणजे घर हा अर्थ रॅप गायकांनी काढलेला नव्हे, शेक्सपिअरच्या काळीही झोपडीला क्रिब म्हणत. ‘क्रिब करणे’ म्हणजे कॉपी करणे, हा अर्थ चोरांच्या बोलीतून आला.

राहिले पत्ते. क्रिबेज हा पत्त्यांचा डाव दोघांत खेळताना प्रत्येकी 6 पानं वाटतात, दोघंही 2-2 पानं पालथी टाकतात. त्या 4 पानांचा ढीग म्हणजे क्रिब, आणि त्याचे गुण वाटणाऱ्याला. डाव 121 गुणांचा. नवखा हमखास चुकतो तो इथे: वाटणारा समोरचा असताना क्रिबमध्ये पंजी टाकतो. दश्शी, गुलाम, राणी, राजा सगळे 10 धरतात. यातलं कुठलंही पान पंजीला भेटलं की 15 होतात आणि प्रत्येक 15 ला वाटणाऱ्याला 2 गुण. नकोशी पानं वैरणीसारखी गव्हाणीत टाकायची आणि ज्याची गव्हाण त्याचं जनावर पोसायचं. डावाला हे नाव त्यावरूनच पडलं, असं माझं ठाम मत आहे.