सत्तेची रचना न बदलता समाज बदलू शकतो का?

राज्यकर्ता सुधारक आणि कायदा चांगला असला, तर समाज आपोआप बदलणार नाही का, असे आपण विचारले आहे. आम्हां बडोदेकरांकडे याचे उत्तर घरचेच आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेला गेले. मात्र 1917 मध्ये ते करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतला शिपाई विटाळाच्या भीतीने कागद त्यांच्या टेबलावर लांबूनच फेकत असे. खोली कोणी देईना. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. (आज त्याच बागेत आपण मुलांना फिरायला नेतो.)

महाराजांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घर भाड्याने कोणाला द्यायचे, पाण्याला कोणी हात लावायचा, हुकुमाची अंमलबजावणी कितपत करायची, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांच्याच हाती तो राहिला. शिष्यवृत्तीने एका माणसाला पदवी मिळाली. कचेरीतली उतरंड तशीच राहिली. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या, तेव्हा निदान खुर्चीवर कोण बसणार हे बदलले. पण अनेक गावांत शिक्का अजून सरपंचबाईंच्या यजमानांच्या खिशात असतो.